झाकायचा राहिलेला कोपरा

उपग्रहाला गुंडाळायची फिल्म अतिनील दिव्याखाली ठेवताना एक कोपरा पत्र्याने झाकायचा. बाकीची किती खराब झाली, ते त्यावरून कळतं. या खेपेला प्रयोगशाळेतली ताई नेमका पत्राच विसरली. दिवा नि फिल्म ठेवलेली, हवा काढून घेतलेली टाकी मध्येच उघडता येईना. ताईच्या जिवाला नुसता घोर लागला.

आज टाकी उघडली. फिल्म पिवळीजर्द, कडक झाली होती. कोपऱ्यात तेवढा एक नितळ पंजा उमटला होता, वाकड्या करंगळीचा.

"ताई, ही तर तुमचीच करंगळी!" धाकटी सहकारी हसली. "आत हात धरून बसला होतात काय?"

"हो, मला दुसरं काम काय?" ताईही हसली. सकाळपासून कोटाच्या खिशात लपवलेला हात तिने बाहेर काढला नाही. आतल्या आत हळूच मूठ वळली.

खिशातून आलेला, वाळकी फिल्म चुरगळल्यासारखा आवाज दोघींनीही ऐकला.