टाक्या भरल्यावर उरतं तेवढं वजन

"निळं," दातांचे डॉक्टर म्हणाले आणि विमानाच्या पंख्याच्या पात्यावर बोटाच्या पेरानं टकटक केली. पस्तीस वर्षं लोकांच्या दाढा ठोकून पाहिलेल्या. सवय जाते कुठे?

"पांढऱ्याला पॅराशूट आहे, डॉक्टर," विक्रेता म्हणाला. "इंजिन बंद पडलं तर दांडा ओढायचा. अख्खं विमान अलगद खाली."

"मला वर जायचंय. खाली यायच्या सोयी दुसऱ्या कुणाला तरी विका."

हँगरमध्ये दोन्ही विमानं शेजारी उभी होती. दोन्ही एका इंजिनाची, पेट्रोलवर चालणारी, घरच्या गाडीसारखी आपली आपण न्यायची. पांढऱ्याची चाकं कायम खाली लोंबत. निळं उडालं की चाकं पोटात घ्यायचं आणि ताशी वीसेक किलोमीटर जास्त पळायचं. डॉक्टरांचा जीव त्या वीस किलोमीटरांत अडकला होता.

घरात सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. लेक म्हणाली होती, "बाबा, बासष्टाव्या वर्षी माणसं गुडघे बदलतात. तुम्ही विमान घेताय." मेहुणा म्हणाला होता, "दाजी, तुम्हाला गाडी धड रिव्हर्स घेता येत नाही."

"विमानाला रिव्हर्स नसतोच," डॉक्टरांनी ऐकवलं होतं, आणि त्याच हट्टानं लायसन्स काढलं होतं. दुसऱ्या प्रयत्नात, पण काढलं होतं.

मग लेकीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "आई बसणारच नाही त्यात. बघा तुम्ही."

तेव्हा ताडकन उठून डॉक्टरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "शेजारच्या खुर्चीत ती बसणार असेल तरच घेईन. नाही तर नाव काढणार नाही."

बोलून तर बसले. सहा महिने झाले, बायको हो म्हणाली नव्हती आणि नाहीही. तसं तिला कुणी विचारलंही नव्हतं. डॉक्टरांनी फक्त सांगितलं होतं. आज तिला हँगरवर आणलं होतं, तेही असंच.

"मॅडमना उंचीची भीती वगैरे?" विक्रेत्यानं विचारलं.

"छे. तिला काही वाटत नाही," डॉक्टर म्हणाले.

बायको पांढऱ्या विमानाच्या मागच्या दारातून आत डोकावत होती. "बॅगा किती मावतात?"

डॉक्टरांनी विक्रेत्याकडे पाहून डोळा मारला. बायका.

"जागेचा प्रश्न नाही, वजनाचा आहे," विक्रेता म्हणाला. "टाक्या काठोकाठ भरल्या की पांढऱ्यात माणसं आणि सामान धरून दोनशे किलो. निळ्यात दीडशे. वेग फुकट मिळत नाही."

"आणि यांना काही मदत लागते का? म्हणजे शेजारी बसलेल्याची?"

"काही नाही. एकटा माणूस आरामात नेतो-आणतो."

"एकट्यानं उतरवताही येतं?"

"अगं, मला काही होणार नाहीये वर," डॉक्टर हसले. त्यांना बरं वाटलं. काळजी करतेय म्हणजे यायचा विचार करतेय.

विक्रेत्याची एक पद्धत होती. माहितीपत्रकावरून तो विमान विकत नसे. गिऱ्हाइकानं स्वतःचा खराखुरा प्रवास कागदावर मांडायचा, जाताना आणि येताना असे दोन रकाने, प्रत्येक खुर्चीपुढे वजन. "इथे आकड्यांशी खोटं बोललं की धावपट्टी कमी पडते," तो म्हणायचा.

"लिही गं," डॉक्टर म्हणाले. दवाखान्याची अपॉइंटमेंटची वही तीस वर्षं तिनंच लिहिली होती. "तुझ्या बहिणीचं गाव. सातशे किलोमीटर. चार दिवस राहू, पाचव्या दिवशी परत."

कोपऱ्यातल्या काट्यावर डॉक्टर चढले. शहाऐंशी. मग, लग्नाला चौतीस वर्षं होऊनही जिनं आपलं वजन नवऱ्याला कळू दिलं नव्हतं, ती चप्पल काढून निमूट चढली. एकसष्ट.

"म्हणजे बसणार तू?" डॉक्टरांचा आवाज जरा हललाच.

"बसेन. पण पांढऱ्यात."

"का? निळं बघ की जरा."

"माझ्या बॅगा एकोणपन्नास किलोंच्या होतील. निळ्यात मावायच्या नाहीत."

"चार दिवसांना एकोणपन्नास किलो?"

"कमी नाही करणार मी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण असं ती यापूर्वी कधी बोलल्याचं डॉक्टरांना आठवेना.

त्यांनी एकदा निळ्याकडे पाहिलं. मग हात झटकले. जग जिंकल्यावर वीस किलोमीटरांचं काय घेऊन बसायचं? "पांढरं," ते विक्रेत्याला म्हणाले, आणि बायको लिहायला टेकली तसा त्यांनी लेकीला फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"मामाला पण बोलव तिथे. तुझी आई बसतेय. हो, स्वतःच्या तोंडानं म्हणाली. थांब, पुरावाच ऐकवतो." त्यांनी फोन विक्रेत्यापुढे धरला. "वाचा हो मोठ्यानं. घरच्या कोर्टात सादर करायचंय."

बायकोनं कागद विक्रेत्याच्या हातात दिला.

"जाताना," विक्रेता वाचू लागला, "पायलट शहाऐंशी, मॅडम एकसष्ट, बॅगा एकोणपन्नास. एकशे शहाण्णव. उत्तम बसतंय."

"ऐकलंस?" डॉक्टर फोनला म्हणाले.

"येताना, पायलट शहाऐंशी." विक्रेत्यानं कागद उजेडाकडे धरला. "मॅडम, येताना तुमच्या खुर्चीपुढे शून्य पडलंय. बॅगांपुढेही. चुकून झालं का?"

"नाही," पेनाला टोपण लावत बायको म्हणाली. "दोनदा तपासलंय मी."