अकराव्या लूपमधला तंबू

"या खुंट्या तिथल्या वाळूत टिकायच्या नाहीत," वर्ना म्हणाली. "याच्या दुप्पट लांब मिळतात, त्या आण."

शेल्बीने यादीत लिहिलं. दोघींनी अंगणात उभा केलेला निळा तंबू एका बाजूला कलला होता आणि आत सहा वर्षांची जूनी कोलांट्या मारत होती. तिघींपैकी कुणीही आजवर तंबूत झोपलेलं नव्हतं. पण जूनीला वाढदिवसाला लगूनलँड मनोरंजन पार्क पाहायचं होतं, आणि तेही पार्कच्या कॅम्पमध्ये, तंबूत राहून.

"आई, पंखा घेऊ? तंबूपर्यंत वीज देतात म्हणे."

"फ्लोरिडात, जूनमध्ये, पंख्याशिवाय? भाजलेली कोंबडी होऊन परत येशील. घे. खाली ताडपत्री अंथर, चार वाजले की पाऊस आहेच. आणि खाणं गाडीत ठेव, नाहीतर रॅकून येऊन ढेकर देऊन जातील."

शेल्बी हसली आणि सवयीने तिचा हात जबड्यावर गेला. मार्चमध्ये तिच्या नवऱ्याने, क्लिंटने, तो मोडला होता. तेव्हापासून ती आणि जूनी वर्नाकडेच राहत होत्या. क्लिंटने दोघींच्या आसपासही फिरकायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅम्पचा नकाशा पसरला होता: गोल रस्ते, त्यांना म्हणायचं लूप, आणि प्रत्येकाभोवती तंबूंच्या जागा. शेल्बीचा डोळा होता अकराव्या लूपवर, पोहण्याच्या तलावाला लागून. पण तिथे जमिनीतले पाइप बदलत होते, सगळा लूप महिनाभर रिकामा. त्यांना मिळाला तिसरा.

"बरंच झालं," वर्ना म्हणाली. "ऑफिस जवळ आहे."

गुरुवारी पहाटे शेल्बी आणि जूनी पुढे गेल्या. वर्ना लाँड्रीतली दुपारची पाळी संपवून संध्याकाळी निघणार होती. उरलेलं सामान तिने टेबलावर काढून ठेवलं होतं: ताडपत्री, दोरी, खुंट्या ठोकायची हातोडी.

सकाळी दहाच्या सुमाराला मागच्या दाराची जाळी फाडून क्लिंट आत आला. तारेने त्याचा हात कापला होता. फरशीवर रक्त ठिबकत होतं.

"हाताला लागलंय तुझ्या," वर्ना म्हणाली. "बस. पाणी देते."

"कुठंय ती?"

"बस म्हटलं ना. काही खाल्लंयस का?"

त्याने उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. ती फ्रिजवर आदळून खाली पडली. त्याने बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. आत काहीतरी कडकन मोडलं आणि तिला श्वास घेता येईना.

"गाडी नाही दारात. पोरीचे बूट नाहीत. मला वेडा समजतेस, म्हातारे?"

त्याने केसांना धरून तिला उठवलं, टेबलाशी आणलं. तिचा उजवा हात नकाशावर दाबून धरला आणि हातोडी उचलली.

"क्लिंट, नको."

हातोडी बोटांवर पडली. तिची किंकाळी थांबायच्या आत पुन्हा पडली. क्लिंटच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माझी पोर आहे ती! माझी! तू कोण लपवणारी? दुसरा हात आण."

वर्नाने दुसरा हात आणला. त्याचं एक बोट नकाशावर टेकवलं.

"इथे," ती म्हणाली. "अकरावा लूप. तलावाजवळ."

क्लिंटने नकाशा खिशात कोंबला. सदरा वर करून कमरेचं पिस्तूल तिला दाखवलं.

"खोटं निघालं तर परत येईन."

पिकअपचा आवाज विरला तेव्हा वर्ना सरपटत फोनपर्यंत गेली. आधी शेल्बीला लावला.

"जूनीला उचल आणि ऑफिसात जाऊन बस. आत्ता. चपला राहू देत."

मग पोलिसांना. "पांढरी पिकअप, मागची काच फुटलेली. पिस्तूल आहे. अकराव्या लूपकडे निघालाय, तो रिकामा आहे. दीड तास आहे तुमच्याकडे."

"तो शरण येईल का, बाई?" पलीकडून विचारलं.



"नाही येणार," वर्ना म्हणाली. "मी ओळखते त्याला. हाका मारत बसाल तर तुमची माणसं मरतील."

पोलिसांनी अकराव्या लूपच्या तोंडाचे अडथळे काढले. कॅम्पच्या माणसांकडून एक तंबू मागून आणला, उभा केला, आत पंखा लावून ठेवला. ते पाइपांच्या ढिगामागे आडवे झाले.

क्लिंट बाराला पोहोचला. त्याने शेल्बीला हाक मारली नाही. जूनीलाही नाही. तंबूपासून चार पावलांवर उभा राहिला आणि झोपलेल्या माणसाच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गोळ्या झाडत गेला. कापडाच्या चिंध्या उडाल्या. आतला पंखा बंद पडला.

"पिस्तूल टाक!" कुणीतरी ओरडलंच.

तो वळला आणि त्याने पिस्तुलाचा हात उचलला. चार गोळ्या एकदम सुटल्या. तो तंबूवर कोसळला आणि तंबू त्याच्याखाली चेपून जमिनीला टेकला.

इस्पितळात वर्नाच्या हाताला प्लास्टर घालून झालं होतं. तिकडचा पोलिस अधिकारी मेंडोझा टोपी काढून खाटेशी बसला.

"दोघी सुखरूप आहेत. तुमची नात ऑफिसात आइस्क्रीम खात होती, तिला काही कळलेलं नाही. बाई, तुमच्या जागी मी असतो तर खरा लूप सांगून मोकळा झालो असतो."



"त्याला गोळ्या कुठे लागल्या?" वर्नाने विचारलं.

"छातीत. जीव जायला फार वेळ लागला नाही." मेंडोझाने फॉर्म काढला. "त्याचा देह ताब्यात घेणारं कुणी आहे का? त्याच्या बायकोला विचारवेना मला. अजून थरथरतेय ती."

"मी घेते."

"तुम्ही?" त्याने तिच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. "त्याने इतकं सगळं करूनही... मोठं मन आहे तुमचं. नात्याच्या रकान्यात जावई लिहू ना?"

"जावई नाही," वर्ना म्हणाली. "माझ्या पोटचा आहे तो."