गुंडावरचं नाव

पाण्याचा पितळी गुंड शाळेच्या ऑफिसातल्या टेबलावर ठेवला आणि इश्वर भिंतीला टेकून उभाच राहिला. सिस्टरनं दोनदा खुर्ची दाखवली. तो नाही बसला. त्याची बायको रुखमा बसली. आसगावपासून भंडाऱ्यापर्यंत एसटीत गुंड मांडीवर घेऊन तिचे पाय पार भरून आले होते.

ही सिस्टर नवी होती. केरळातून येऊन चार महिने झाले होते, मराठी शिकत होती, आणि त्यात निम्मी हिंदी. कुणाच्या तरी आठवणीत भेट द्यायला माणसं आलीत, एवढंच तिला शिपायानं सांगितलं होतं. अशा भेटी शाळेत पुष्कळ होत्या. व्हरांड्यातल्या बाकांवर कुणाचे वडील, कुणाचे आजोबा, पांढऱ्या रंगात लिहिलेले.

"बढिया आहे," पितळेवरून हात फिरवत सिस्टर म्हणाली. "आत्ता घंटा होईल. प्रार्थनेत नाव घेऊ. सगळ्या मुली हात जोडतील."

रुखमानं मान हलवली. तेवढ्यासाठीच तर ती आली होती. शाळेतला माठ सारखा फुटतो, मग पाण्यासाठी विहिरीवर जावं लागतं, असं पोरगी सुट्टीत आली की सांगायची. आता पोरी या गुंडातलं पाणी पितील, आणि पिताना दरवेळी नाव वाचतील. रुखमाला वाचता येत नव्हतं. अड्याळच्या बाजारातून इश्वर गुंड घेऊन आला त्याला चार दिवस झाले. चार दिवस ती त्या टोचून काढलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत होती.

सिस्टर वाकली आणि पहिलीतल्या पोरासारखी एकेक अक्षर लावून वाचू लागली.

"इ... श्वर. सो... माजी. गि... गिरे..."

"गिऱ्हेपुंजे," इश्वर पडल्या आवाजात म्हणाला.

"हां. मुक्काम आसगाव. सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर." सिस्टरनं छातीवर क्रूस काढला. हळूच विचारलं, "हे इश्वरजी कधी वारले?"

वर पंखा करकरत होता.

"मीच आवं जी तो," इश्वर म्हणाला.

सिस्टरचा चेहरा लालबुंद झाला. "सॉरी, सॉरी, माफ करा," म्हणत तिनं दोन्ही हात जोडले. रुखमाला आधी हसूच आलं. मग ते हसू तिथंच अडकलं. तिनं गुंडाकडे पाहिलं, मागून पाहिलं, फिरवून पाहिलं. दुसरीकडे कुठंच काही लिहिलेलं नव्हतं.

"पोरीचं नाव कुठं हाय?"

इश्वर खाली पाहत राहिला.

"अवो, मी काय इचारून राहिली? चार दिस झाले, तिचंच नाव हाय ना म्हनलं, तं तुमी हं म्हनून राहिले होते."

"तू काई बी इचारलं का हंच निंगते माह्या तोंडातून," तो म्हणाला.

"आन् टाकाचं तं आपलंच काहून टाकलं? आंदन देऊन राहिले होते का कोनाले?"

सिस्टर एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. इश्वरनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"दुकानदारानं इचारलं, नाव काय टाकू. आजवर जेवढे भांडे घेतले, त्याईवर माहंच सांगतलं. या टायमाले तिचं सांगाचं होतं. तोंड उघडलं, पन निंगालंच नाही, वो. मांगं गिऱ्हाईक उभे. थो म्हने, लवकर सांगा ना, बाप्पा. मंग सांगून देल्लं माहं."

पोरगी जाऊन वर्ष झालं होतं. तो बैलांना नावानं हाक मारायचा, शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही मारायचा. हे एकच नाव घरात कुणी घेत नव्हतं. आणि तिनं तरी कुठं घेतलं होतं? पोरगी, लेक, ती. तेवढ्यावरच भागवलं होतं दोघांनी.

बाहेर घंटा झाली. व्हरांड्यात चपलांचा आवाज सुरू झाला.

"तुम्ही सांगा," सिस्टर हळू म्हणाली. "मी तेच नाव घेईन."

इश्वरनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मग तो पुढं झाला आणि त्यानं टेबलावरचा पेन उचलला, पाहिला, ठेवून दिला. सिस्टरच्या ध्यानात आलं. तिनं ड्रॉवर उघडला. त्यात पोरींकडून काढून घेतलेल्या टिकल्या, पिना, एक फुटका आरसा होता. खालून तिनं कर्कटक काढून त्याच्या हातात दिलं.

इश्वर चौथी शिकलेला. खुर्ची ओढून तो पहिल्यांदा बसला, गुंड पोटाशी धरला आणि आपल्या नावाच्या खाली टोक टेकवलं. पितळ कुरकुरलं. हात दोनदा घसरला. बाहेर पोरी रांगेत उभ्या राहिल्या, गप्प झाल्या, तरी त्याचं चाललंच होतं. सिस्टरनं घाई केली नाही.

झाल्यावर त्यानं फुंकर मारली. रुखमाचं बोट धरलं आणि पहिल्या अक्षरावर ठेवलं.

"हा व."

बोट पुढं नेलं.

"हा छ." बोट आणखी पुढं नेलं. "हा ला."

रुखमानं एकटीनं पुन्हा तिन्हींवरून बोट फिरवलं. तीनच अक्षरं, वाकडी, ताजी, बोटाला टोचणारी.

"वछला," ती म्हणाली.

"हं," इश्वर म्हणाला.