नाव कुठल्या बाजूला

“ताई, उजवीकडून वाच हं. मांगा आहे ती,” वही देताना आम्रपालीने बजावलं होतं.

“डावं-उजवं आधी तुझ्या भाचीला शिकव,” म्हणत निकिताने सवयीप्रमाणे वही उघडली. एकाच हाताने. दुसऱ्या हातावर तापाने फणफणलेली लेक होती.

जपानी धाटणीची चित्रकथा, धाकट्या बहिणीने स्वतः काढलेली. नुसती काळी शाई, संवाद एकही नाही. कोरड्या विहिरीच्या तळाशी एक मुलगी पडलेली. पुढच्या पानावर ती भिंतीला धरून अर्ध्यावर, वरून राक्षस वाकून बघतायत. मग तिच्या अंगावर चिलखत आलं, हातात तलवार आली, सोबती आले. अखेर ती काठावर, उन्हात, माणसांच्या घोळक्यात.

“वा! आली की वर! आणि तू एका निकालाने खचतेस? परत बस परीक्षेला. चिकाटी पाहिजे, बाई.”

“तुला ती वर येताना दिसली?”

“मग! डोळे आहेत मला.”

आम्रपाली हसली. “तुझ्याकडेच ठेव मग,” म्हणाली आणि सदाशिव पेठेतल्या आपल्या खोलीवर निघून गेली.

त्याला आठवडा झाला. आज निकिता तीच वही घेऊन वाघोलीतल्या बाइंडिंगच्या दुकानात उभी होती. बहिणीच्या वाढदिवसाला पक्की बांधून, वर सोनेरी अक्षरांत नाव घालून द्यायची होती.

दुकानदार दीनानाथकाकांनी वही उलटसुलट केली. “नाव ह्या मागच्या पुठ्ठ्यावर घालतो. पोरं आणतात असली पुस्तकं. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं.” ते तिकडून पानं चाळू लागले. “चांगली उन्हात उभी होती हो पोरगी. मग एकेक माणूस गळालं. तलवार गेली, चिलखत गेलं...” विहिरीच्या तळाशी ते थांबले. “अरेरे. हिला कुणी वर काढलंच नाही?”

निकिताची मान खाली गेली. लेकीचा ताप दर दोन तासांनी मोजणारी बाई ती. बहिणीला मात्र ‘जेवलीस का’ एवढंही विचारलं नव्हतं. विचारलं काय, तर परीक्षेचं.

तिने फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

सदाशिव पेठेकडे निघालेली रिक्षा नगर रस्त्यावरच्या गर्दीत अडकली. पोचायला तास तरी लागणार होता. तिने कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर ‘सहज विचारतेय’ असं लिहिलं. त्या ‘सहज’ची तिला शरम वाटली. ते पुसून तिने पत्ता टाकला, खाली लिहिलं:

‘हे वाचणाऱ्यांपैकी कुणी सदाशिव पेठेत असेल, तर माझ्या बहिणीचं दार वाजवा. “मी ठीक आहे” म्हणून हसली तरी परत फिरू नका. मी त्या हसण्यालाच फसले होते.’