हनुवटीची खोड

बालवर्गातल्या छोट्या बडबडीने पुन्हा बाईंची हनुवटी धरली. बाई खाली मान घालून रंगीत खडू डब्यात भरत होत्या. तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला आणि मग सांगितलं, "बाई, मला शू लागलीये."

"हात खाली," बाई म्हणाल्या. "देवाने तोंड दिलंय ना? मग जागेवरून सांगावं. आणि एवढा जबडा वासून काय बोलायचं? मी काय तुझे दात तपासणार आहे?"

बडबडी पळाली. ती जाते न जाते तोच दुसऱ्या कोणीतरी बाईंची बाही ओढली. मग तिसऱ्याने. त्यालाही आधी बाईंचं तोंड समोर हवं होतं.

हे सगळं सुट्टीनंतर सुरू झालं होतं. त्याआधी ही मुलं चांगली सरळ होती. आता एकही पोर जागेवरून बोलेल तर शपथ. उठायचं, बाईंसमोर येऊन उभं राहायचं, बाही नाहीतर हनुवटी ओढायची, पाणी हवं असेल तर अंगठा तोंडाशी न्यायचा. बाईंचं अर्धं आयुष्य बालवर्गात गेलं होतं. रडणारी, चावणारी, टेबलाखाली लपून बसणारी, सगळ्या तऱ्हेची पोरं त्यांनी वळणावर आणली होती. पण या वर्षीच्या पिल्लांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते. गोल आणि चौकोन शिकवून घसा कोरडा पडला, तरी पालथ्या घड्यावर पाणी. आणि ही खोड कोणी न शिकवता अख्ख्या वर्गाने उचलली.

डब्यांचंही तेच. घंटा व्हायच्या आधीच सगळी डबे काढून बसायची.

"घंटा होऊ द्या, मग डबे," बाई रोज सांगायच्या.

मुलं एकमेकांकडे बघायची आणि मुकाट्याने डबे आत ठेवायची. थोड्या वेळाने बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणायच्या, "हं, आता काढा." तेवढा धीर काही त्यांना धरवत नव्हता.

त्या सोमवारी मोठ्या बाईंनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. शाळा मोठ्या बाई चालवत, आणि त्यांचा आवाज मैदान ओलांडून जाणारा होता.

"बडबडीचे बाबा येऊन गेले," त्या म्हणाल्या. "पोरगी घरी आजोबांची हनुवटी धरते म्हणे. आणि सगळ्यांशी ओरडून बोलते. शेजारी विचारतात, घरात भांडणं चाललीयेत का."

"हनुवटीचं खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण ओरडणं माझ्या वर्गातलं नाही. माझ्या वर्गात कोणी ओरडत नाही."

मोठ्या बाईंची खोली बालवर्गाला लागूनच होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"शुक्रवारी मी वर्गात येऊन बसते. तेव्हाही असंच चाललं असेल, तर बालवर्ग दुसऱ्या कोणाकडे द्यावा लागेल. तुम्ही सामानाची खोली बघा."

"सामानाची खोली? म्हणजे मी आता झाडू आणि खडू राखत बसू?"

"मला आनंद होतोय का हे बोलताना?"

बाई बाहेर पडल्या. त्यांना रडू आलं नाही, संताप आला. मूठभर पोरांपायी एवढ्या वर्षांचा वर्ग हातचा जाणार होता. आणि वर्ग गेला तर सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सराव सुरू केला.

"जागेवर उभं राहायचं. हाताची घडी. आणि तिथूनच बोलायचं. मी पाठमोरी असले तरी चालेल. आता मी फळ्याकडे तोंड करते, तुम्ही सगळ्यांनी मिळून म्हणायचं, 'बाई, नमस्ते.' समजलं?"

सगळ्या माना डोलल्या. बाई फळ्याकडे वळल्या आणि वाट बघत राहिल्या. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. शेवटी त्या वळल्या. सगळी मुलं हाताची घडी घालून उभी होती, आणि तोंडं मात्र उघडी.

"नुसते आ वासून काय उभे राहिलात?" बाई वैतागल्या. "एवढं साधं सांगितलेलं जमत नाही?"

मुलांनी बडबडीकडे पाहिलं. बडबडीने खांदे उडवले. सराव रोज झाला आणि रोज असाच झाला. गुरुवारी बाईंनी अक्षरशः हात जोडले. "उद्या माझी लाज राखा रे. उद्याच्या दिवस कोणी मला हात लावू नका."

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या. येताना त्याच दिवशी नाव घातलेल्या एका मुलीलाही घेऊन आल्या आणि तिला बडबडीशेजारी बसवलं. स्वतः मागच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे आवळून बसल्या.

बाई फळ्यावर बदक काढायला लागल्या. कोणी उठलं नाही, कोणी बाही ओढली नाही. वर्ग कसा चिडीचूप होता. आठवड्यात पहिल्यांदाच बाईंना हायसं वाटलं, आणि त्यांनी बदकाची मान मन लावून वळवली.

नवी मुलगी जागेवर उभी राहिली. तिने हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, मला पाणी प्यायचंय."

बाईंनी बदकाला डोळा काढला.

"बाई, पाणी," ती पुन्हा म्हणाली, आणखी मोठ्याने.

बाई बदकाचे पंख रंगवू लागल्या. मोठ्या बाई मागे खुर्चीत पुढे सरकल्या.

"तसं नाही गं," बडबडीने नवीला खाली ओढून समजावलं. "समोर जायचं, हनुवटी धरायची, आणि मोठ्ठं तोंड करून बोलायचं. बाईंना ऐकू येत नाही. पण सांगू नको हं त्यांना. त्यांना अजून माहीत नाहीये."