झोपेवरचं व्याख्यान

रेक्टर मॅडमनी दार वाजवलं तेव्हा मी बुटाच्या नाड्या बांधत होते. विद्यापीठाने 'विद्यार्थी आणि झोप' हे व्याख्यान रविवारी सकाळी सातला ठेवलं होतं, आणि हजेरीला गुण होते.

माझी रूममेट ऋजुता चादर ओढून पडली होती. काल प्रयोगशाळेत सलग जागरणांमुळे तिला चक्कर आली, तरी सरांनी प्रयोग संपवूनच सोडलं होतं.

"ऊठ, पाहुणे येऊन बसलेत," मॅडम दारातून म्हणाल्या.

"तुम्ही ऐका त्यांचं. मी प्रात्यक्षिक करतेय."

"गुण जातील हं."

"जाऊ देत. माझी झोप गेली तेव्हा कुणी दार वाजवलं नव्हतं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू तरी चल."

मी बूट काढले आणि त्या दारात असतानाच खिडकीचा पडदा ओढला.