तिसरा बेस

चेंडू आला आणि मृणाली तायडेने पुन्हा मान वळवली. व्यावसायिक बेसबॉलच्या गेल्या हंगामात इथेच, तिसऱ्या बेसजवळ, चेंडू लागून तिचा जबडा मोडला होता.

"तू आता मागे सीमेकडे खेळ," प्रशिक्षक देवळे सर म्हणाले. "तिथे चेंडू यायला वेळ लागतो."

"नको सर. माझी जागा हीच आहे. या हंगामाच्या संघाची निवड होईपर्यंत थांबा."

अमरावतीला घरी जाऊन तिने आईच्या हातात बॅट दिली आणि आपल्याकडे चेंडू मारायला सांगितले. जबडा तारांनी बांधलेला असताना याच आईने तिला चमच्याने पेज पाजली होती.

"पुन्हा तोंडावर बसला तं?"

"बसू दे. पण मान वळवली तर तो मला दिसणारच नाही, आई."

आधी आई घाबरतच चेंडू मारायची. हळूहळू तिचाही हात मोकळा झाला.

निवडीच्या दिवशी सरांनी मारलेला चेंडू खडबडीत जमिनीवरून उसळून थेट चेहऱ्याकडे आला. मृणाली हलली नाही. नाकासमोर ग्लोव्ह धरून तिने तो झेलला आणि तडक पहिल्या बेसकडे फेकला.

सरांनी दुसरा चेंडू हातात घेतला, पण ते बॅट उचलेनात.

"मारा ना सर," ती म्हणाली. "जरा जोरात."